आठ वाजताचा फोन

आमच्या विभागात तिला सगळे हातोडी म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं वॉर्डातल्या एका आजोबांनी. त्यांची एक बाजू लुळी पडली होती, पण जीभ शाबूत होती. ती राऊंडला आली की ते शेजारच्या पलंगांना ओरडून सांगायचे, "हातोडीबाई आल्या, गुडघे सांभाळा!" गुडघ्यावर ठोकून पाय कसा उडतो ते बघायची रबरी हातोडी तिच्या ॲप्रनच्या खिशातून कायम डोकावत असायची. आजोबा बरे होऊन घरी गेले, नाव मात्र मागे राहिलं.

मी त्याच विभागात ईईजी काढते. रुग्णाच्या डोक्याला एकवीस वायरी चिकटवायच्या आणि मेंदूच्या लहरी पडद्यावर उतरवायच्या, हे माझं काम. सव्वीस वर्षं झाली. न्यूरॉलॉजी शिकायला डॉक्टर मुलंमुली येतात, तीन वर्षं राबतात, निघून जातात. बहुतेकांचे चेहरे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळलेत. हिचा तेवढा मिसळला नाही.

पहिल्यांदा ती दुपारी अडीचला दारात येऊन उभी राहिली. हातात डबा.

"इथे बसून खाऊ का? आवाज नाही करणार."

माझी खोली अंधारी असते, शांत असते. रुग्णाला डुलकी लागली तर आलेख चांगला येतो म्हणून. मी मानेनेच हो म्हटलं. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली, भिंतीकडे तोंड करून पाच मिनिटांत जेवली आणि डबा धुवायलासुद्धा न थांबता वॉर्डात पळाली. दुसऱ्या दिवशी परत आली. मग रोजच.

तिच्या वर्षाला तिघं होते. बाकीचे दोघं नवरा-बायको. एकत्र शिकलेले, एकत्रच आलेले. ते वाईट नव्हते, पण दोघांचं असतं ना, एकाने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने संपवायचं. तिसऱ्याला मध्ये शिरायला फटच नसते. विभागप्रमुख सर म्हणजे कमी बोलणारा माणूस. केस सांगून झाली की एकच प्रश्न, "बिघाड नेमका कुठे आहे?" मेंदूत, मणक्यात, नसेत की स्नायूत, ते बोट ठेवून सांगायचं. बरोबर आलं तर सर पुढच्या पलंगाकडे वळायचे. चुकलं तर तिथेच उभे राहायचे. ती म्हणायची, "ताई, सरांची पाठ दिसली की मला हायसं वाटतं."

सकाळी आठला, राऊंडच्या आधी, ती माझ्या खोलीतून आईला फोन करायची. मी वायरी पुसत असायची, ती स्पीकर लावून केस बांधत असायची. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. घरी भाऊ, वहिनी, त्यांची मुलं आणि आई. आईचा आवाज असा खणखणीत, की मी एकदा दचकून हातातली पेस्टची डबी पाडली होती. शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय लागलेला आवाज तो.

"झोप झाली का?"

"झाली गं. काल आम्ही सगळ्याजणी बाहेर जेवायला गेलो होतो. खूप हसलो."

"छान. मैत्रिणी चांगल्या मिळाल्या बाई तुला."

मी मान वर केली नाही. आदल्या संध्याकाळी तिने माझ्याच स्टुलावर बसून कोरडा पाव खाल्ला होता, हे मला माहीत होतं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तिला उगाच काळजी नको." मी म्हटलं, "मी कुठे काय विचारलं?"

एकदा मशीन दुरुस्त होऊन आलं. रुग्णाला लावण्याआधी कुणावर तरी तपासून बघायला हवं होतं. तिला तासभर मोकळीक होती, म्हणाली, माझ्या डोक्याला लावा. मी टेपने तिचं डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या, भांग पाडत एकेक वायर चिकटवायला लागले. सातवी-आठवी वायर असेल. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"दुखतंय का गं?" माझ्या तोंडून पहिल्यांदाच 'गं' निघून गेलं.

"नाही. कितीतरी महिन्यांत कुणी डोक्याला हात लावला नव्हता."

तेवढं बोलून ती झोपली. मशीन ठीक आहे हे दहा मिनिटांत कळलं होतं. मी तिला चाळीस मिनिटं झोपू दिलं आणि बाहेर 'तपासणी सुरू' हा दिवा तसाच ठेवला.

दुसऱ्या वर्षी एक शिवणकाम करणारी बाई ओपीडीत आली. संध्याकाळी पापण्या मिटायच्या, सुईत दोरा ओवता येत नव्हता. तीन ठिकाणी चष्मा बदलून झाला होता. हातोडीने रबरी हातमोज्यात बर्फ भरला आणि पडलेल्या पापणीवर दोन मिनिटं धरला. बर्फ काढला तर पापणी वर! मायस्थेनिया. या आजारात नस आणि स्नायू यांच्यातला निरोप नीट पोचत नाही. स्नायू वापरला की थकतो, विसावला की पुन्हा चालतो. सरांनी स्वतः येऊन पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं पकडलंस." दोन वर्षांत तिने ऐकलेली ही पहिली शाबासकी.

तिला ते कुणाला तरी सांगायचं होतं. संध्याकाळी तिने माझ्यासमोरच घरी फोन लावला. वहिनीने उचलला. "आई जरा आडव्या झाल्यात. सकाळी बोला ना वन्सं." दुसऱ्या संध्याकाळीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आईला विचारलं तर आई खणखणीत आवाजात म्हणाली, "संध्याकाळी वह्या तपासायच्या असतात गं. सकाळी बोलतोच की आपण."

हातोडीने फोन खिशात घातला. "रुसलीये माझ्यावर. गेल्या सुट्टीत गेले नाही ना." त्यानंतर तिने संध्याकाळी फोन करणं सोडून दिलं. डबा खाताना दोन शब्द बोलायची, तेही कमी झाले. रविवारी तिला कुठे जायचं नसलं तरी ती विभागात येऊन बसायची. वाचतेय म्हणायची. पुस्तकाचं पान मात्र उलटत नसायचं.

दोनेक महिन्यांनी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला, मी मशीन झाकत होते आणि हातोडी स्टुलावर बसली होती, तेव्हा तिला वहिनीचाच फोन आला. स्पीकरवर वहिनी दबक्या आवाजात बोलत होती.

"वन्सं, आई सांगू नको म्हणाल्यात. पण आता मला राहवत नाही. रात्रीचं जेवण त्यांना गिळताच येत नाही. पाणी प्यायल्या की नाकातून बाहेर येतं. बोलतात तेही गेंगाणं. शाळेत शेवटच्या तासाला मुलं नक्कल करतात म्हणून त्यांनी दुपारचे वर्गच सोडलेत."

हातोडी उठून उभी राहिली. "व्हिडिओ लाव, फोन तिच्या समोर धर. चेहरा दिसू दे."

पडद्यावर आधी आईची पाठ दिसली. "काही नाही झालेलं, वय झालंय," असं काहीतरी ती म्हणत होती, पण तो आवाज मी ओळखलाच नाही. मग तिने तोंड वळवलं. डावा डोळा जवळजवळ मिटलेला, उजवा अर्धा.

"आई, एका दमात आकडे म्हण. मुलांकडून म्हणून घेतेस तसे."

आईने सुरुवात केली. दहापर्यंत ठीक. पंधरानंतर आवाज नाकात गेला. बावीसला ओठ हलत होते, शब्द ऐकू येत नव्हता.

"बास, आई. बास." आणि मग अगदी डॉक्टरी आवाजात, "वहिनी, दादाला सांग, आत्ता गाडी कर आणि हिला इकडे घेऊन ये. उद्यावर टाकू नकोस."

फोन ठेवून ती त्या स्टुलावर बसली. "मी रोज सकाळी फोन करत होते, ताई. सकाळी ती बरी असते. रात्रभर विश्रांती झालेली असते ना. परक्या बाईची पापणी मला दिसली आणि..." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याहून जास्त करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

आई आली आणि दुसऱ्याच दिवशी तिला धाप लागली. श्वासाचे स्नायूही थकले होते. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटर लावावा लागला. सरांनी हातोडीला बाजूला घेतलं.

"या फाइलला तू हात लावायचा नाहीस. ही केस माझी. तू फक्त मुलगी आहेस."

तिला ते जमेना. नातेवाइकांच्या वेळेत ती आत जायची, पायाशी उभी राहायची आणि मॉनिटरवरचे आकडे वाचत बसायची. तिसऱ्या दिवशी मी सोबत होते. शेवटी मीच म्हटलं, "अगं, आकडे बघायला सिस्टर आहेत. तू आईकडे बघ."

तिने खुर्ची डोक्याशी ओढली. आईच्या तोंडात नळी, बोलता येत नव्हतं. सिस्टरने पाटीसारखा फळा दिला. आईने लिहिलं, "तुझ्या मैत्रिणी नाही आल्या?"

हातोडीने ती ओळ पुसली. पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. मग तोंडानेच म्हणाली, "नाहीत गं. कुणी नाहीये."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग फळा पुन्हा ओढून घेतला आणि लिहिलं, "मीपण खोटं बोलले." दोघी हसल्या की रडल्या, मला सांगता येणार नाही. नळीमुळे आईचा आवाज येत नव्हता आणि लेकीचा मी ऐकला नाही, कारण मी बाहेर निघून आले होते.

रक्तातले आजाराचे घटक यंत्राने गाळायच्या पाच फेऱ्या झाल्या. सातव्या दिवशी नळी निघाली. पंधराव्या दिवशी आई भिंत धरून चालली. घरी सोडल्यावर दहा दिवस ती लेकीच्या हॉस्टेलच्या खोलीत राहिली. भावाला कामावर परतायचं होतं आणि सरांनाही तिला जवळ ठेवायचं होतं. ती खोली मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. एक खाट, एक ताटली, एक पेला. खिडकीतून दिसायची ती रुग्णालयाची ऑक्सिजनची टाकी. आईने खाटेखालचे धुळीचे पुंजके काढले आणि ॲप्रनची बटणं शिवता शिवता मला म्हणाली, "डॉक्टर झाली म्हणून गावभर सांगितलं मी. ही इथे कशी राहते, ते कुणाला विचारायचं सुचलंच नाही."

"तुम्हालाही कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

"तेही खरंच." आणि तिने बटणाचा दोरा दाताने तोडला.

दहा दिवस हातोडी दुपारी माझ्याकडे आली नाही. खोलीवर जाऊन जेवायची. स्टूल रिकामं बघून मला बरं वाटायचं आणि वाटायचंही नाही. मग आई गोळ्यांच्या वेळा पाठ करून गाडीत बसली. त्या दुपारी अडीचला दार ढकलून हातोडी आली, डबा उघडला आणि म्हणाली, "खोलीत आता आधीपेक्षा जास्त शांत वाटतं."

तिसरं वर्ष तिने तसंच काढलं. परीक्षेत पहिल्या प्रयत्नात पास झाली. आता एका लांबच्या गावच्या रुग्णालयात ती एकटी न्यूरॉलॉजिस्ट आहे. आसपासच्या सगळ्या गावांचे झटके, लकवे, डोकेदुख्या तिच्याकडेच. तिथे तिला हातोडी म्हणणारं कुणी नाही. डॉक्टरसाहेब म्हणतात.

गेल्या गुरुवारी तिच्याकडच्या ईईजी मशीनमध्ये काही अडलं म्हणून तिचा फोन आला. मी तिला वायर बदलायला सांगितली. लहरी नीट उमटल्या. मग मी आईची चौकशी केली.

"छान आहे. शाळेतून निवृत्त झाली. माझ्याकडे ये म्हटलं तर नातवंडांना सोडून येत नाही."

"मग तुझ्या जेवणाचं काय?"

"करते काहीतरी." ती म्हणाली. "आईलाही हेच सांगते. आता तिला खरं तेच सांगते."

मी अजून काही विचारणार होते, पण पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली. पेशंट आला होता.