न धुतलेले हात

‘‘हात धुवायचं न्हाई. कार्यक्रम होईपातुर न्हाई,’’ सर म्हणाले.

माझे हात मनगटाच्या वरपर्यंत शेणानं भरले होते. पाहुण्यांसाठी शाळेचं अंगण आम्ही मुलींनी सकाळी सारवलं होतं. तेही सरांनीच सांगितलं होतं. बाकीच्या मुली हात धुवायला गेल्या. मी जागेवर उभी राहिले. शेण वाळत गेलं. बोट हलवलं की त्याला भेगा पडायच्या.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. कर्नाटकातला जोयडा तालुका, रामनगर. आमचं मूळ गाव सुप्याच्या धरणाखाली गेलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते. नदी तिकडं राहिली, माणसं इकडं आली. इकडं पाणी विहिरीवरून डोक्यावर आणावं लागे.

मी नववीत होते. युरोपातल्या एका शाळेची आणि बंगळूरच्या एका इंग्रजी शाळेची मुलं आमच्या शाळेत शिबिराला आली होती. सर त्याला देवाणघेवाण म्हणत. सकाळी पर्यावरण, दुपारी यंत्रमानव. सकाळी ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरायचं, पानं कागदात दाबायची. दुपारी वर्गात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोटारी आणि वायरी. त्यातून एक हात तयार होत होता. खांदा, कोपर, मनगट. संगणकावर आज्ञा लिहिली की तो वाकायचा.

मला त्या हाताचं वेड लागलं. मनगटाची मोटार मी बसवली होती. परदेशी मुलांतली आना माझ्या शेजारी बसायची. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. ती स्क्रू दाखवायची, मी फिरवायचे. शिबिर संपलं की आमच्या शाळेतलं एक मूल वर्षभर बंगळूरला शिकायला जाणार होतं. सरांनी माझं नाव दिलं होतं. मला दुसरं काही नको होतं.

मधेच हातावरचे जंतू बघायचा बशांचा प्रयोग झाला. काचेच्या चपट्या बशीत खळीसारखं काहीतरी थिजवलेलं होतं. त्यावर बोटं टेकवायची. त्यांच्या मुलींनी साबणानं हात धुऊन टेकवली. मी गोठ्यातून थेट आले होते. बंगळूरच्या मॅडम म्हणाल्या, आहे तशीच टेकव. बशा झाकून कपाटात गेल्या.

काही दिवसांनी त्या बाहेर काढल्या. त्यांच्या बशा जवळपास स्वच्छ होत्या. माझ्या बशीत माझी पाच बोटं उगवली होती. करडी, पिवळी, लव आलेली. त्यांच्या बशांवर त्यांची नावं होती. माझ्या बशीवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘गावातली मुलगी’. ती बशी व्हरांड्याच्या खिडकीत ठेवली. येणारा-जाणारा वाकून बघायचा. वर्गातली पोरं मला बुरशी म्हणू लागली. ‘‘बुरशे, सरक की.’’ सरही हसले.

त्याच आठवड्यात पाहुणे घरोघर भेटायला निघाले. आमच्यात पाहुणा आला की उंबऱ्याबाहेर तांब्याभर पाणी ठेवतात. हातपाय धुवायचे, मग आत. आईनं तांब्या घासून ठेवला होता. मॅडम तो ओलांडून बुटांसकट आत आल्या. त्यांच्यामागून सगळे. आईनं चहा पुढं केला, तो कुणी घेतला नाही. ते गेल्यावर तिनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं.

‘‘हात न धुताच गेली बग पावणी,’’ ती म्हणाली. ‘‘आनि आपल्याला शिकवाय आल्यात म्हणं.’’

ती हसली. मीही हसले आणि विषय सोडून दिला. मला बंगळूर हवं होतं.

यंत्राच्या हाताला काम काय द्यायचं, ते मॅडमनी ठरवलं. तो गावाला हात धुवायला शिकवणार. आधी साबणाचं पाणी ओतणार, मग साधं पाणी. दाखवायला एक मळका हात हवा होता. म्हणून त्या सकाळी मी हात न धुता उभी होते.

अंगणात खुर्च्या मांडल्या. पुढं पाहुणे आणि साहेब लोक, मागं मुलं, कडेला गावातल्या बायका. यंत्राच्या टाकीत भरायला पाणी त्याच बायकांनी आणलं होतं. आई घागरीपाशी उभी होती. माझ्या गळ्यात दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधला. त्यावर इंग्रजीत ‘आधी’. ‘नंतर’चा पुठ्ठा मॅडमच्या हातात होता. फोटो काढणाऱ्यानं मला तळवे वर करायला लावले. शेणाचा वास माझ्याच नाकात बसला.

मॅडम इंग्रजीत बोलत होत्या. सर मराठीत सांगत होते.

‘‘आपल्या लोकांस्नी हात धुवायची सवय न्हाई. ही सवय आता मिशीन लावंल.’’

सर आमच्याच गल्लीत राहायचे. आमच्या दारातल्या तांब्यानं त्यांनी कितीदा हातपाय धुतले होते. मी आईकडं बघितलं. तिनं मान खाली घातली होती. पदरानं ती घागरीचा काठ पुसत होती. तो आधीच कोरडा होता.

मी यंत्राखालच्या घंगाळावर हात धरले. संगणकावर बसलेल्या मुलानं कळ दाबली. मनगट वळलं. माझी मोटार.

मी हात काढून घेतले.

पुठ्ठा गळ्यातून काढला आणि टेबलावर ठेवला. आईपाशी गेले. पाहुण्यांच्या चहासाठी तिथंच मांडलेल्या चुलीतली गार राख घेऊन हात चोळले. आईनं तांब्यानं पाणी ओतलं. मागं मोटारीचा आवाज येत होता. यंत्राचा हात खाली वाकला. घंगाळात साबणाचं पाणी ओतलं. थांबला. साधं पाणी ओतलं. तिथं कुणाचाच हात नव्हता. त्यानं सांगितलेलं सगळं केलं आणि तो जागेवर गेला.

मी तांब्या भरला. मॅडमच्या खुर्चीसमोर ठेवला.

‘‘हात धुवा, पावणं,’’ मी म्हणाले. ‘‘त्या दिशी ऱ्हायलं व्हतं.’’

सरांनी याचं भाषांतर केलं नाही. आना उठून पुढं आली. तिनं ओंजळ धरली. मॅडमनी तिचं कोपर धरून तिला मागं ओढलं. पाणी उकळलेलं नाही, असं काहीतरी म्हणाल्या. ओंजळ रिकामीच राहिली.

दुपारी सरांनी मला बोलावलं.

‘‘तुजं नाव काडलं. माज्या हातात काय न्हाई आता.’’

बंगळूरला एका किराणा दुकानदाराचा मुलगा गेला. शिबिर उठलं. यंत्राचा हात सुटा करून खोक्यात भरला. मनगट सोडवायला मला बोलावलं नाही. बशी मात्र खिडकीत विसरून राहिली. मी ती उघडली नाही, टाकलीही नाही. पुढं कुणी उचलली, माहीत नाही.

आईनं मला शाबासकी दिली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, ‘‘त्यो हात शिकायचा व्हता न्हवं तुला?’’

व्हय, मी म्हणाले. त्यापुढं आम्ही त्यावर कधी बोललो नाही. काही वर्षांनी आई वारली.

पुढं मी नोकरी केली, घर केलं. मोटारीचं काम पुन्हा कधी हातात आलं नाही. अजूनही स्वप्नात तो यंत्राचा हात वाकतो. कोपर, मनगट. रिकाम्या घंगाळात पाणी ओततो आणि जागेवर जातो. जाग आली की मी बोटं चाचपते. कधी उठून हात धुते. धुतलेले असले तरी. एवढं त्यांनी माझ्यात ठेवलं. ते जात नाही. जाईल असं मी स्वतःला सांगतही नाही.

माझ्या दारात तांब्या असतो. आईच्या दारातून ती माणसं हात न धुता आत गेली आणि आई गप्प राहिली. मी गप्प राहत नाही. मोठं नाव असो, मोठी शाळा असो, शिकवायला आलेलं कुणी असो. मी उंबऱ्यात उभी राहते. आधी हात धुवा म्हणते. जो धुणार नाही, तो बाहेर.