मिंझाच्या खड्याची गोष्ट

सरोवरकाठच्या मवांझा शहरातल्या मासळीबाजारात मिंझाला स्वस्थ बसलेली कुणी पाहिली नव्हती. सरोवरातली बारीक मासळी वाळूवर पसरायची, उलटायची, खडे वेचायचे. हात सतत चालू. लहानपणी ती भाताच्या खाचरात कमरेएवढ्या पाण्यात वावरली होती. त्या पाण्यातले किडे अंगात शिरले आणि डावी मूत्रवाहिनी खालच्या टोकाला आक्रसून गेली. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तेवढा भाग कापून उरलेली नळी मूत्राशयाला नव्या जागी शिवली. आता त्याच नळीत खडा अडकला होता.

कळ आली की ती घरभर फेऱ्या मारायची.

"वहिनी, जरा टेकाल का? मलाच गरगरायला लागलंय," नणंद म्बुके म्हणाली.

"टेकले की जास्त दुखतं. आणि पुन्हा पोट फाडलं तर?"

"फाडणार नाहीत. खालून दुर्बीण घालून लेझरनं फोडणार. डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय, तुम्ही ऐकलं कुठे?"

शस्त्रक्रियेच्या टेबलावर कमरेखालचं अंग बधिर केलं, तरी मिंझाची बोटं चादर चुरगळत होती. समोरच्या पडद्यावर तिच्याच मूत्राशयाचं आतलं चित्र. डॉ. ब्याबाटो दुर्बीण फिरवत होते आणि नळीचं तोंड काही सापडत नव्हतं.

"काय झालं, डॉक्टर?"

"तोंड नेहमीच्या जागी नाही. व्रणांत लपलंय. निळं औषध शिरेत दिलंय, ते लघवीबरोबर तिथून झिरपेल. हलू नका."

वीस मिनिटं गेली. पडदा गुलाबीच. मासळीतला खडा टिपणारे मिंझाचे डोळे पडद्यावरून हलेनात.

"ते बघा, वर, पडद्याच्या उजवीकडे. दोऱ्याएवढं निळं."

डॉक्टरांनी दुर्बीण वळवली. "बरोबर. आता माझ्या जागी तुम्हीच बसा," ते म्हणाले आणि बारीक तार आत सरकवली. लेझरनं खड्याचा भुगा व्हायला पाऊण तास लागला.

आतली जुनी शिवण सुजून बंद होऊ नये म्हणून दीड महिना एक मऊ नळी आत ठेवली. तिच्यामुळे सारखी लघवी लागे. त्या दिवसांत मिंझा दर अर्ध्या तासाला मासळी टाकून मोरीकडे धावायची आणि बाजारातल्या बायका हसायच्या. मऊ नळी निघाली, क्ष-किरण फोटोत खडा दिसला नाही, रात्रीची झोप परतली.

तरी डाव्या कुशीत जरा चमक आली की मासळी उलटणारा तिचा हात थबकतो. श्वास रोखून ती वाट बघते. काही होत नाही. मग ती तांब्याभर उकळलेलं पाणी पिते आणि पुन्हा वाकते.