तुला आंगोळ घालते

मी आठवीतून शाळा सोडलेली. लिहायची सवय नाही, पण हे सांगितल्याशिवाय चैन पडेना. माहेर-सासर दोन्ही वसईकडे. नवऱ्याला कोल्हापुरात फाउंड्रीत काम लागलं म्हणून इकडे आले. आपलं म्हणावं असं कुणी नाही, त्यात माझा स्वभाव घाबरट. लेक सातव्या महिन्यातच झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि एका दुपारी डॉक्टर म्हणाले, भरवसा देता येत नाही. नवरा रक्त आणायला धावला. आमच्या चर्चचे फादर मिस्सेच्या उपासनेसाठी लांबच्या गावी गेलेले, फोन लागेना. लेक स्नानसंस्काराशिवाय, बाप्तिस्मा न होताच जाणार, एवढंच मनात घोळत राहिलं.

तेव्हा लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेलं आठवलं, जिवावर बेतलं तर हे संस्काराचं पाणी कुणीही घालू शकतं, ख्रिस्ती नसलं तरी. मला ताप, म्हणून आत सोडत नव्हते. ड्यूटीवरच्या नर्सताई मुरगूडच्या, हिंदू. त्यांच्यापुढे हात जोडले, शब्द शिकवले.

"मला जमंल व्हय? तुमचा देव रागावला म्हंजे?" असं म्हणत त्या गेल्याच. मी दाराशी खुर्चीत. त्यांनी लेकीच्या कपाळावर हळूच पाणी सोडलं, पण 'स्नानसंस्कार' काही जिभेवर येईना. "पित्याच्या, पुत्राच्या आन् पवित्र आत्म्याच्या नावानं तुला आंगोळ घालते गं बाय!"

शब्द चुकला!

लेक वाचली. कशी, ते मला विचारू नका. पण तो चुकलेला शब्द मला छळत राहिला. तिला घरी आणल्यावर ताईंना घेऊन चर्चमध्ये गेले. मी मागच्या बाकावर बसणारी, फादरांशी बोलायची कधी हिंमत नाही. कसंबसं सगळं सांगून म्हटलं, "फादर, पाणी पुन्हा घाला."

त्यांनी ताईंना विचारलं, "पाणी घालताना मनात काय होतं?"

"काय असणार? म्हटलं, ह्या बाईच्या देवा, ही तुझी हाय, तूच सांभाळ. माझी ड्यूटी सुटायला आलीया."

फादर खळखळून हसले. मग मला म्हणाले, "स्नान म्हणजे आंघोळच की, बाळ. हा संस्कार एकदाच होतो, आणि तो झालाय." त्यांनी लेकीला पवित्र तेल लावलं, पांढरं वस्त्र घातलं, मेणबत्ती पेटवली. पाण्याला मात्र हात लावला नाही. स्नानसंस्काराच्या कुंडाशी थांबून त्यांनी ताईंना नमस्कार केला.

"अवं फादर, हे काय!" ताई लाजून माझ्यामागे सरकल्या.

मी शब्द धरून बसले होते. ताईंनी लेक देवाच्या हवाली केली होती. आता रोज तिच्या आंघोळीचा पहिला तांब्या ओतताना मीही तेवढंच म्हणते, तुझी आहे, तूच सांभाळ. आणि लेक पाण्यात हात आपटून मला भिजवते.