नानांनी दिलेली हमी

माझा हिशेब चुकला होता. ते मला कळलं आणि मी गप्प बसलो. नटबोल्ट नानांबद्दल लिहायचं तर आधी हे लिहायला हवं.

नाना आकुर्डीचे. पिंपरीच्या माळावर आमच्या मालकांनी कारखान्याची पहिली शेड उभारली, तेव्हा लोखंडी सांगाडा जोडणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. खिशात पाना कायम. एसटीतलं बाक हललं तरी खाली वाकून बोल्ट आवळायला लागायचे. कंडक्टर ओरडला की म्हणायचे, "तुमी तिकिटं फाडा राव, तुमची गाडी मी जोडतो."

वेल्डिंगवर त्यांचा भारी राग. त्यात हट्टच जास्त होता. "लोखंड काय चिकटवायची चीज हाय व्हय?" म्हणायचे. खर्चाचे अंदाज मांडणं माझ्याकडे होतं, म्हणून छपरावरून मला हाक मारायचे, "काय मास्तर, आज आमाला किती महाग केलं?"

पुढच्या शेडसाठी मालकांनी विचारलं, बोल्ट स्वस्त की वेल्डिंग? मी दोन्ही खर्च मांडले. बोल्टच्या बाजूला भोकं पाडणं, नट, वॉशर, वर चढून आवळण्याची मजुरी, सगळं धरलं. वेल्डिंगला मात्र मुंबईच्या कारखान्यातला दर लावला. जमिनीवर बसून, विजेच्या सोयीत केलेल्या कामाचा. आमच्या माळावर वीज कुठं होती? डिझेलचं यंत्र भाड्यानं आणावं लागणार, कारागीर परांचीवर चढणार, हे धरलंच नाही. वेल्डिंग स्वस्त निघालं, आणि नव्या शेडवर नानांच्या टोळीला काम उरलं नाही.

टोळीतला गणपा तडकला. "नाना, यात कायतरी काळंबेरं हाय. मालकाला म्हणावं, दुसऱ्याकडनं तपासून घ्या."

नाना त्याच्यावरच उखडले. "मास्तर खोटं मांडायचा न्हाई. मी सांगतो न्हवं? चला, हत्यारं गोळा करा."

टोळी उठली. थोड्याच दिवसांत यंत्राचं भाडं ठरवायला माणूस आला, तेव्हा ते भाडं धरलंच नव्हतं हे माझ्या ध्यानात आलं. पुन्हा मांडून पाहिलं. बोल्टच स्वस्त पडत होते. पण तोवर मालकांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली होती, नोकरी कायम करतो म्हणाले होते. ते भाडं मी दुसऱ्याच खर्चात दाखवलं.

नाना चाकणला बैलगाड्या दुरुस्त करू लागले. आकुर्डीत मात्र कुजबुज पसरली, की नानांनी मालकाकडून पैसे खाऊन टोळी विकली. गणपानं लेकीच्या लग्नाला त्यांना बोलावलं नाही. ते ऐकलं आणि मला राहवेना. चाकणला गेलो, सगळं सांगितलं.

नाना चाकावर लोखंडी धाव ठोकत होते. हात थांबला. हातोडा खाली ठेवला.

"मला वाटलं, वेल्डिंगच सरस असंल," ते म्हणाले. "आमचाच हट्ट म्हणून मनाची समजूत घातली."

मी पाया पडायला वाकलो, तर मागं सरले. "हितं नगं. हितं कोण बघतंय? गणपाला सांगा."

त्या संध्याकाळी आकुर्डीच्या पारावर टोळीतली माणसं बसली होती. नाना माझ्याबरोबर आले, पण लांबच उभे राहिले. गणपा म्हणाला, "या साहेब. आता काय मोजायला आलात?"

मी म्हणालो, "गणपा, नानांनी तुम्हाला विकलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. हिशेब मी चुकवला, आणि कळल्यावर लपवला. तुमचं काम मी घालवलं, नानांचं नावही मीच घालवलं. मला माफ करा."