अण्णांच्या खांद्यावरचा हात

आमच्या अण्णांना जाऊन वर्ष होत आलं, आणि त्यांच्या खांद्यावर एक हात उगवला.

अण्णा म्हणजे माझे वडील. यंत्रमाग कारखान्यात जॉबर होते. दिवसभर बिघडलेले माग दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी बिघडलेली माणसं. नळाचं पाणी, सासू-सुनांची तोंडं, कुणाच्या शेळीनं कुणाची तुळस खाल्ली, सगळं आमच्या ओट्यावर मिटायचं. त्यांनी गल्लीतलं एकही भांडण चौकीपर्यंत जाऊ दिलं नाही. (उलट चौकीतले हवालदारच त्यांना वाटेत गाठून म्हणायचे, "अण्णा, आमच्या घरचं बी जरा बघा की.") एवढी गल्ली मिटवून हा माणूस घरी आला की पहिला प्रश्न एकच, पोरगी जेवली का?

पोरगी म्हणजे मी. घराण्यातली पहिली पदवीधर! बी.ए. झाले तेव्हा अण्णांनी मला मनगटी घड्याळ घेतलं. जाड काळ्या पट्ट्याचं, पुरुषी. दुकानदार लेडीज घड्याळ दाखवायला लागला, तर अण्णा म्हणाले, "लांबनं दिसंल असलं दाखवा. पोरगी शिकलीया, लोकांना कळाय नको?"

तर वर्षश्राद्धाच्या दिवशी अण्णांचा फोटो गल्लीच्या समाजमंदिरात लावायचं ठरलं. ते मंदिर अण्णांनीच दारोदार फिरून उभं केलेलं. पण मी पदवीधर, मला साधा फोटो कसा चालेल? सोलापुरात चादरीवर मोर विणतात, वाघ विणतात. मग अण्णांनी काय पाप केलंय? मागावर चित्र उतरवणारे नरसय्याकाका अण्णांचे जुने दोस्त. त्यांना म्हटलं, भिंतभर अण्णा विणा.

घोडं अडलं फोटोवर. गल्लीच्या पुढाऱ्याचा एकट्याचा फोटो नसतो. डोळे उघडे, टोपी सरळ, असा एकच सापडला, तोही गल्लीच्या ग्रुपवर फिरून फिरून चारी बाजूंनी कापला गेलेला. त्यात अण्णांच्या तोंडापुढे माईक होता आणि खांद्यावर कुणाचा तरी हात. मी म्हटलं, काका, दोन्ही काढा. काकांनी माईक काढला. हाताला मात्र ते हात लावेनात.

"हाताखालचा खांदा फोटोत हायच न्हाय. मी कुठला आणू?"

राहू दे म्हटलं. हात कुणाचा का असेना, हिताचाच असेल.

कार्यक्रमाला सगळी गल्ली लोटली. पडदा सरकला, भिंतभर अण्णा प्रकटले. बायकांनी डोळ्याला पदर लावला. तेवढ्यात रिक्षावाले युसूफचाचा, अण्णांचे चहाचे सोबती, गहिवरून पुढं आले. "बेटी, तुने मेरा हात भी बुना! ये देख, मेरी घड्याळ." हाताच्या मनगटावर विणकामात एक काळी पट्टी उमटली होती, ते म्हणे त्यांचं घड्याळ.

"घड्याळ कसलं? माझा काळा दोरा हाय त्यो," शिवाभाऊ म्हणाले. शिवाभाऊ म्हणजे आमचे होऊ घातलेले नगरसेवक. (गेल्या तीन निवडणुकांपासून होऊ घातलेत.) अण्णांचा वारसा कुणाकडं, हे आता भिंतीवरच विणून आल्यावर ते सोडतात कशाला?

मग काय, हात म्हणजे माझाच म्हणणारे डझनभर निघाले. एकाचा तर तो हात लहानपणीच मोडून वाकडा झालेला. तो म्हणाला, मोडायच्या आधीचा आहे. शेवटी कुणीतरी डोकं चालवलं. नरसय्याकाकांना अण्णा म्हणून खुर्चीवर बसवलं, टोपी घातली, आणि एकेकानं मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा, भिंतीशी ताडून बघायचं. रांग लागली. काही जण दोनदा आले. काकांचा खांदा बसला, तरी हात कुणाचा ते ठरेना.

शिवाभाऊंनी निर्वाणीचं सांगितलं. समाजमंदिराची किल्ली त्यांच्याकडं होती. "हात माझा म्हणून जाहीर करा, न्हायतर अण्णांना घरी न्या. हितं कुलूप लावतो."

"लगा के तो देख," युसूफचाचांनी बाह्या सरसावल्या. मागून कोणीतरी म्हणालं, चौकीतच चला, तिथंच ठरवू.

ज्या माणसानं जन्मभर एक भांडण चौकीत जाऊ दिलं नाही, त्याच्या नावचंच पहिलं निघालं होतं. आणि त्यानं उभ्या केलेल्या भिंतीवर त्यालाच जागा मिळेना.

आई मागं भाकरी मोजून ठेवत होती. ती शांतपणे पुढं आली आणि म्हणाली, "हाताचं ऱ्हाऊ द्या. तोंड बघा की. उघडं का हाय?"

सगळ्यांनी पाहिलं. अण्णांचं तोंड खरंच उघडं होतं.

"धाकट्याच्या लग्नातला फोटू हाय ह्यो. माईक घावला, ह्यास्नी सोडवंना. पंगत खोळंबली. तवा मागनं येऊन ह्यास्नी वढत कोण हुतं?"

गल्ली माझ्याकडं वळली. मी माझ्या मनगटाकडं पाहिलं. जाड काळा पट्टा! लांबनं दिसेल असा घेतलेला, आणि मलाच भिंतभर दिसला नव्हता. धाकट्या भावाच्या लग्नात मला पन्नास कामं होती. अण्णांना खाली उतरवणं त्यातलंच एक.

मी हात चादरीवर टेकवला. बोटं बरोबर बसली. क्षणभर काढवेना.

युसूफचाचा नाक पुसत म्हणाले, "बेटी का हात है, तो अपनाच हुआ." शिवाभाऊंनी किल्ली पुढं केली, वर पुतणी म्हणून माझ्यावर हक्कही सांगितला. अण्णा भिंतीवर राहिले.

मग मला बोलायला सांगितलं. पदवीधर होते, माईक होता, मन भरून आलं होतं. मी अण्णांच्या जन्मापासून सुरुवात केली. ते तिसरीत नापास झाले तिथपर्यंत पोचले असेन, तोच खांद्यावर हात पडला. आईचा.

"बास कर बाई. आमटी निवली."

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. छान आलाय, डोळे उघडे, तोंडही. नरसय्याकाकांनी तो निरखून पाहिला आणि दुखरा खांदा चोळत म्हणाले, "जपून ठेव. फुडं लागंल. पण आत्ताच सांगतो, हात निघणार न्हाय."