क्विट म्हणजे काय

आणे पठारावर हौशीरामनं चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. कितीही कठीण खडक लागला तरी पाणी लागेपर्यंत त्यानं काम टाकलं नाही. तंबाखूही तेवढीच जुनी. विहिरीत उतरण्याआधी एक बार, वर आल्यावर दुसरा.

गेल्या उन्हाळ्यात गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. आत्ताच थांबलात तर बरा होईल, असं नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मान डोलावून तो घरी आला आणि ओट्यावर बसून त्यानं पुडी काढली. पुडीवर इंग्रजी अक्षरं होती. सून तेजस्विनी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून त्यानं तिलाच विचारलं.

“‘क्विट टुडे’ लिहिलंय, आबा. आजच सोडा. खाली फोन नंबर आहे.”

क्विट त्याला टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या खेळामुळं ठाऊक होतं. उत्तर येईना की माणूस क्विट म्हणतो आणि खुर्चीवरून उठतो.

“म्हंजी हार मानायची,” तो म्हणाला. “आपल्याला न्हाई जमायचं. एक विहीर अर्धी टाकली न्हाई मी.”

तेजस्विनीनं वाद घातला नाही. आतून जाडजूड शब्दकोश आणला आणि त्याच्याजवळ बसून वाचून सांगितलं. शब्द मूळचा लॅटिन, तिथं अर्थ शांत, निवांत. फ्रेंचांकडे जाऊन तो मोकळा, सुटलेला असा झाला. इंग्रजीत आल्यावरही आधी मोकळं होणंच होतं, सोडून जाणं मागाहून चिकटलं. वर्गात पोरांना गप्प करायला ती ‘क्वायट’ म्हणायची, तो याचाच सख्खा भाऊ.

हौशीरामच्या तळहातावरचा चुना सुकला.

“लाव नंबर,” तो म्हणाला.

सोपं गेलं नाही. डोकं भणभणायचं, बायको कुशाबाईवर तो उगाच खेकसायचा. बाराव्या दिवशी त्यानं चोरून एक बार भरला आणि संध्याकाळी आपणहून सुनेला सांगून टाकलं. ती म्हणाली, उद्यापासून परत पहिला दिवस. दिवाळीपर्यंत चट्टा बराच पुसट झाला. डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं.

त्यानंतर निमगाव साव्याला विहिरीचं काम निघालं. जुना जोडीदार जानकू यानं मळलेली तंबाखू पुढं केली. हौशीरामनं हात जोडले.

“सोडली का काय?”

“सुटलो राव.”

जानकूला काही उमगलं नाही. मग हौशीरामनं त्याला सावलीत बसवलं आणि थेट लॅटिनपासून सुरुवात केली.