पाठकोरा कागद

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. चौथी शिकले, सत्तावीस वर्षं शिपाई म्हणून कचेरी झाडली. अंगात येणाऱ्या बायका बघून मला हसूच येतं. तरी हे लिहिते, कारण माझ्यावर आळ आला होता... आणि तो अजून कोणी मागे घेतलेला नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. पलूसमधली एक कचेरी — नाव सांगत नाही. चार कॉम्प्युटर आणि वायरीने सगळ्यांना जोडलेला एकच प्रिंटर. तो माझ्या स्टुलाशेजारी. कागद भरायचं काम माझं. हेडक्लार्क भाऊसाहेबांचा हुकूम होता, पाठकोरे कागद वापरायचे — म्हणजे एका बाजूला लिहिलेले, दुसरीकडून कोरे. कपाटात त्यांचा ढीगच होता.

प्रिंटर रोज अडकायला लागला. सांगलीहून इंजिनिअर आला, रोलर पुसले आणि म्हणाला, "जुनं कागद बंद करा. नवं रिम घाला." सीलबंद रिम मी माझ्या हाताने फोडलं. तासाभरात परत अडकला!

"मावशी, रोज तुमच्याच हातनं कसं अडकतंय ओ?" भाऊसाहेब म्हणाले.

"मशीन तुमचं, कागद तुमचा, आन् हात तेवढा माझा व्हय?"

"तोंड लय चालतंय. मेमोच काढतो!"

निवृत्तीला दहा महिने उरले होते. सत्तावीस वर्षांत एक डाग नाही, आणि आता मेमो?

रागारागात अडकलेला कागद ओढून काढला. एरवी टोपलीत टाकायचे, त्या दिवशी सरळ केला. मागे हाताने लिहिलेलं... अक्षर माझंच! आमच्याकडे रोजंदारीवर झाडलोट करणारी गजराबाई, वर्षापूर्वी वारली. मला कायम करा, असा तिचा अर्ज मीच लिहून दिला होता. खाली तिचा अंगठा. भाऊसाहेब म्हणाले होते, सांगलीला पाठवला. आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्कासुद्धा नव्हता त्यावर.

घडी घालून पिशवीत ठेवला. तेवढ्यात भाऊसाहेबांनी माझा मेमो छापायला दिला. प्रिंटर करकरला आणि थांबला. ओढून काढला — तोच अर्ज. कोऱ्या बाजूला मेमोच्या दोन ओळी छापलेल्या. पिशवी उलटी केली. आत नुसता डबा.

तसाच कचेरीच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन आपटला. मागोमाग भाऊसाहेब आले.

"हा सांगलीला गेलता न्हवं? मग मशिनीत कसा?"

"पाठकोऱ्यात... चुकून गेला असंल," भाऊसाहेब पुटपुटले.

"आज नवं रिम हाय, भाऊसाहेब."

साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. मेलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, कोण जाणे. मेमो निघाला नाही, पण मावशी तुमची चूक नव्हती, असंही कोणी म्हणालं नाही. त्यानंतर प्रिंटर पाठकोऱ्यावरसुद्धा चालला. शाबासकी इंजिनिअरला.

गजराबाईवरही माझा राग आहे. अडकायचंच होतं, तर भाऊसाहेबांच्या ड्रॉवरात अडकायचं. माझ्या मानेवर कशाला?

पण जिवंत असताना ती मला दर आठवड्याला विचारायची, "माज्या अर्जाचं काय झालं गं?" आणि मी म्हणायचे, "सांगलीला गेलाय, गप बस." एकदाही भाऊसाहेबांना जाऊन विचारलं नाही.

सीलबंद रिमात तो कागद कसा आला, ते मला आजही माहीत नाही.